औषधांच्या बाटल्या बाजूला ठेवा, आधी पाणी बघा

पत्र: ताई, पाच दिवसांपूर्वी पार्सलने डिस्कस माशांची सहा पिल्लं आली, जेमतेम ५ सेंमीची. सरळ मेन टँकमध्ये सोडायची नाहीत एवढं मला माहीत होतं म्हणून त्याच दिवशी ४५ बाय ३० बाय ३० सेंमीचा वेगळा क्वारंटाईन टँक लावला, नवीन स्पंज फिल्टर, हीटर २६ वर. पहिल्या दिवशी बरी वाटली पण दुसऱ्या दिवसापासून सगळी काळपट पडली, कोपऱ्यात एकमेकांना चिकटून उभी राहतात, पर मिटलेले, खायला टाकलं की बघतही नाहीत. शी पांढरी आणि दोऱ्यासारखी. दोघं खूप जोरात श्वास घेतायत आणि त्यातलं एक तर एकच कल्ला हलवतंय. मी आधी मीठ टाकलं, मग मिथिलीन ब्लू, मग काल एकाने सांगितलं म्हणून अँटिबायोटिक पण टाकलं. आज सकाळी एक गेलं. मला आता रडायलाच येतंय. आता कुठलं औषध टाकू? की उरलेली पाच मेन टँकमध्ये हलवू, तिथलं पाणी दोन वर्षं मस्त चाललंय? – घाबरलेली एक वाचक

तर बाई, आधी एक श्वास घ्या. एक पिल्लू गेलं त्याचं वाईट वाटणारच, पण पाच अजून आहेत आणि पाचव्या दिवशी जी पिल्लं उभी आहेत, कोपऱ्यात का होईना पण सरळ उभी आहेत, त्यांना वाचवायला अजून बराच वाव असतो. तुम्ही वेगळा टँक लावला हे अगदी बरोबर केलंत. आणि दोन्ही प्रश्नांची उत्तरं आधी देऊन टाकते, कुठलंही नवीन औषध आज टाकायचं नाही, आणि मेन टँकमध्ये हलवायचं तर अजिबातच नाही. त्यांच्यात खरंच काही रोग असेल तर तो तुमच्या दोन वर्षांच्या चांगल्या चाललेल्या टँकमध्ये जाईल, आणि तिथे गेलेला रोग काढणं हे पाच पिल्लं सांभाळण्यापेक्षा किती तरी अवघड काम आहे. पण मेन टँकमधली एक गोष्ट मात्र इकडे आणायची आहे, त्याबद्दल पुढे सांगते.

तुमच्या पत्रात तापमान आहे, मापं आहेत, औषधं आहेत, फक्त अमोनियाचा आकडा नाहीये. नायट्राइट नाही, पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल की अल्कली ते, नाही. आणि मला जवळपास खात्री आहे की खरी गोष्ट तिथेच आहे. त्याच दिवशी लावलेला टँक, त्यात नवाकोरा स्पंज, म्हणजे त्या स्पंजमध्ये अजून एकही उपयोगाचा जिवाणू नाही. मासे कल्ल्यांतून सतत अमोनिया सोडत असतात, न खाताही सोडतात, आणि जुन्या टँकमध्ये फिल्टरमधले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात म्हणून आपल्याला तो जाणवत नाही. ही जिवाणूंची वस्ती शून्यातून तयार व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तुमच्याकडे पाच दिवस झालेत. त्यात मिथिलीन ब्लू टाकलं, जे या जिवाणूंना मारतं, आणि वर अँटिबायोटिक, त्यातली काही हेच करतात, म्हणजे जी काही थोडीफार सुरुवात झाली असेल तीही बहुतेक गेली. तुम्ही सांगितलेलं सगळंच, म्हणजे काळपट रंग, मिटलेले पर, भूक नाही, जोरात श्वास, हे अमोनियाने कल्ले भाजल्यावरही अगदी असंच दिसतं. रोग नाहीच असं मी म्हणत नाहीये, असूही शकतो, पण पाणी विषारी असताना रोग ओळखताच येत नाही आणि औषध लागूही पडत नाही. क्वारंटाईनमध्ये मरणारी कितीतरी पिल्लं रोगाने नाही, क्वारंटाईनच्या पाण्यानेच मरतात.

म्हणून आज काय करायचं ते सांगते, आणि या क्रमानेच करा.

पहिलं, टेस्ट. अमोनिया, नायट्राइट आणि पीएच, टँकच्या पाण्याचा आणि तुम्ही बदलायला जे पाणी वापरणार आहात त्याचा पण, दोन्हीचा. मिथिलीन ब्लूमुळे पाणी निळं असेल तर टेस्टचे रंग नीट वाचता येत नाहीत, तरी करा, अंदाज येतो. पीएच दोन्हीकडचा का बघायचा ते महत्त्वाचं आहे. अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो, एक फार विषारी आणि एक त्यामानाने बराच सौम्य, आणि कुठलं रूप किती हे पीएचवर ठरतं. पीएच ७ वरून ८ वर गेला की तेवढ्याच अमोनियातला विषारी भाग जवळपास दहापट होतो. आता समजा तुमच्या छोट्या टँकचा पीएच पाच दिवसांत घसरून ६.५ ला आलाय आणि नळाचं पाणी ८ चं आहे, आणि तुम्ही घाईघाईने अर्ध्याहून जास्त पाणी बदललंत, तर सौम्य पडलेला अमोनिया एकदम विषारी होतो आणि पिल्लं तुमच्या डोळ्यांदेखत आडवी होतात. मग माणूस म्हणतो पाणी बदललं म्हणून मेली. तर दोन्ही पीएचमध्ये अर्ध्या अंकापेक्षा जास्त फरक असेल तर आधी अमोनिया बांधून ठेवणारं कंडिशनर (पाण्यात टाकायचं द्रावण) पूर्ण टँकच्या हिशेबाने टाका, आणि मग दर दोन-तीन तासांनी १० ते १५ टक्के असं थोडं थोडं बदला. फरक फारसा नसेल तर सरळ ५० टक्के आत्ता आणि ५० टक्के संध्याकाळी. दोनदा अर्धं बदललं की जुन्या पाण्यातलं जे काही होतं ते पाव उरतं, अमोनिया पण आणि औषधं पण.

नवीन पाण्याचं तापमान टँकशी जुळवून घ्या, एका अंशापेक्षा जास्त फरक नको, थर्मामीटरने बघा, हाताने नाही. आणि क्लोरीन काढणारं कंडिशनर हवंच. पाणी रात्रभर उघडं ठेवलं की क्लोरीन उडून जातो हे खरं आहे पण काही ठिकाणी पाण्यात क्लोरामाइन असतं, ते असं उडत नाही, त्यामुळे फक्त पाणी ठेवून दिलंय या भरवशावर राहू नका. अजून एक, कंडिशनरने बांधलेला अमोनियासुद्धा बऱ्याच किटमध्ये दिसतो, त्यामुळे कंडिशनर टाकल्यावरही आकडा तसाच दिसला तर लगेच घाबरून अजून चार झाकणं ओतू नका.

पाणी बदलताना फिल्टरच्या शेजारी अॅक्टिव्हेटेड कार्बनची पिशवी सोडा, ती मिथिलीन ब्लू आणि बरीचशी औषधं ओढून घेते. पाणी नुसतं फिक्कट निळसर उरलं की मग मेन टँकमधली ती गोष्ट आणायची. तिथल्या फिल्टरमधला जुना, मळलेला स्पंज किंवा त्याचा एक मोठा तुकडा. धुवायचा नाही, पिळायचा नाही, सुकू द्यायचा नाही, पाण्यातून काढून सरळ पाण्यात. खरी वस्ती त्या स्पंजवर असते, मेन टँकचं पाणी बादलीभर आणून ओतण्यात फारसा फायदा नाही कारण नुसत्या पाण्यात हे जिवाणू अगदीच थोडे असतात. स्पंजचा एक भाग मेन टँकमध्ये राहू द्या म्हणजे तिकडे गडबड होणार नाही, आणि इकडे आलेला तुकडा परत तिकडे न्यायचा नाही, काम झालं की टाकून द्यायचा. आणि इथून पुढे कायमची सवय म्हणून मेन टँकमध्ये एक जादाचा स्पंज फिल्टर नेहमी चालू ठेवा, काही न करता, नुसता बुडबुडत. पुढच्या वेळी नवीन मासे येतील त्या दिवशी तो उचलून क्वारंटाईनमध्ये लावायचा, एवढ्यानेच निम्मी लढाई जिंकलेली असते.

झिओलाइट म्हणजे अमोनिया शोषणारे खडे मिळतात, ते टाकायचा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच. तुमच्या पाण्यात मीठ आहे. मिठाच्या पाण्यात झिओलाइट नीट काम तर करत नाहीच, उलट धरलेला अमोनिया परत सोडून देतो. तर ते नको.

मिठाचं बोलायचं तर किती टाकलंय ते तुम्ही लिहिलं नाही. मीठ पाण्याबरोबर उडून जात नाही, फक्त पाणी बदललं की कमी होतं, त्यामुळे आठवून हिशेब करा. लिटरला १ ग्रॅम एवढं राहिलं तर चालेल, आणि टेस्टमध्ये नायट्राइट दिसत असेल तर तेवढं मुद्दाम राहू द्या, कारण मिठातला क्लोराइड कल्ल्यांतून नायट्राइटला आत शिरू देत नाही. नायट्राइट रक्तात गेलं की रक्त ऑक्सिजन नेऊ शकत नाही आणि कल्ले तपकिरी दिसायला लागतात. सकाळी गेलेलं पिल्लू अजून असेल आणि फार वेळ झाला नसेल तर त्याच्या कल्ल्याचं झाकण हळूच उचलून बघा, लालगुलाबी आहे, फिक्कट आहे की तपकिरी. मेल्यावर रंग लवकर उडतो म्हणून उशीर झाला असेल तर त्यावरून काही ठरवू नका. हे करताना हाताला कुठे जखम असेल तर ग्लोव्ह्ज घाला, आणि तसंही टँकमध्ये हात घालायच्या आधी हा विचार करायची सवय ठेवा, माशांच्या टीबीचे जिवाणू जखमेतून माणसाच्या कातडीत शिरतात आणि तो त्रास महिनोन्महिने चालतो.

आता तापमान. २६ हे डिस्कससाठी थंडच आहे, मोठ्यांना सुद्धा, पिल्लांना तर जास्तच. २८ ते ३० मध्ये ती खातात, पचवतात, वाढतात. पण एकदम वाढवू नका, दर अर्ध्या दिवसाला एक अंश. आणि तापमान वाढवायच्या आधी हवा वाढवा, कारण पाणी गरम झालं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो, २५ अंशाला लिटरमध्ये साधारण ८.३ मिलीग्रॅम तर ३० ला ७.५ च्या आसपास, आणि तुमच्या दोन पिल्लांचे कल्ले आधीच त्रासात आहेत. स्पंज फिल्टरशिवाय एक वेगळा एअर स्टोन, म्हणजे हवेचे बारीक बुडबुडे सोडणारा दगड, लावा, पाण्याचा वरचा थर हलत राहिला पाहिजे, पण पिल्लं वाहून जातील इतका जोर नको. फक्त एक अपवाद, पिल्लांच्या तोंडाभोवती किंवा पाठीवर कापसासारखे पांढुरके-करडे चट्टे दिसत असतील तर तापमान २७-२८ च्या वर नेऊ नका. ती दिसते बुरशीसारखी पण बहुतेक वेळा कॉलम्नॅरिस असतो, म्हणजे जिवाणूंचा रोग, आणि उष्णतेत तो फार वेगाने पसरतो. पाणी गरम केलं की मासे बरे होतात हे वाक्य सगळीकडे फिरत असतं, पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाला ते लागू आहे, कॉलम्नॅरिसला बरोबर उलटं आहे.

टँकच्या तीन बाजूंना बाहेरून कागद चिकटवा, लाईट बंद ठेवा, खोलीतला उजेड पुरतो. आत तळाला खडे-वाळू काही नको, उघडी काच बरी, शी आणि उरलेलं खाणं दिसतं आणि सायफनने, म्हणजे नळीने ओढून, काढता येतं. आडोशाला पाईपचा एखादा स्वच्छ तुकडा किंवा तरंगती झाडं पुरे. आणि सारखं काचेशी जाऊन वाकून बघू नका. मला कळतं, जीव राहवत नाही, पण डिस्कस आपल्या हालचालींना फार दचकतात आणि दर वेळी दचकलं की पिल्लू कोपऱ्यात अजून घुसतं. लांब खुर्ची टाकून दहा मिनिटं शांत बसा, तेवढ्यात काचेशी अर्धा तास वाकून जे दिसत नाही ते दिसतं. कोण पुढे येतंय, कोणाचे पर उघडलेत, श्वास दुसऱ्यांच्या मानाने किती जोरात आहे, कोणी पाईपला अंग घासतंय का. हे एका वहीत लिहा, टेस्टच्या आकड्यांच्या शेजारीच, कारण दोन दिवसांनी आठवणीवर भरवसा ठेवता येत नाही.

खाणं आज बंद. फक्त आज. अमोनिया असताना टाकलेलं प्रत्येक खाणं म्हणजे अजून अमोनिया. पण मोठा मासा जसा आठवडाभर उपाशी राहून काही होत नाही तसं या वयात चालत नाही, ५ सेंमीच्या डिस्कसला उपास फार झेपत नाही, आणि या वयात उपासमार झाली तर पुढे तो मासा गोल होतच नाही, लांबट राहतो आणि अंगाच्या मानाने डोळे मोठे दिसतात. म्हणून उद्या आकडे खाली आले की सुरुवात करायची, आणि माझं मत विचाराल तर ताज्या उबवलेल्या आर्टेमियाने, म्हणजे ब्राइन श्रिंपच्या पिल्लांनी. त्यांची अंडी मिठाच्या पाण्यात, लिटरला २५ ग्रॅम मीठ, २६ ते २८ अंश, खालून हवा, अशी ठेवली की २४ ते ३६ तासांत पिल्लं बाहेर पडतात, म्हणजे आजच लावली तर उद्या-परवा मिळतील. गाळून साध्या पाण्यात धुवून घ्यायची आणि मगच टाकायची, टरफलं जाऊ द्यायची नाहीत. गोळ्या-दाण्यांकडे ढुंकून न बघणारं पिल्लू हलणारं खाणं बघून मान वळवतं, भूक नसताना सुद्धा, आणि एकदा तोंड उघडलं की मग पुढचं सोपं होतं. सुरुवातीला तोंडात घेतील आणि थुंकतील. थुंकणं ही वाईट खूण नाही, बघतच नव्हती ती आता चाखून बघतायत. दिवसातून पाच वेळा अगदी चिमूटभर, दहा-पंधरा मिनिटांनी जे खाली पडलंय ते सायफनने बाहेर. दोन-तीन दिवस नीट खाल्लं की मग बारीक कापलेले फ्रोझन ब्लडवर्म, डॅफ्निया, आणि त्यानंतर हळूहळू दाणे. बीफ हार्टचं मिक्स आत्ता नको, पाणी फार खराब करतं आणि आजारी पोटाला जड आहे. जिवंत ट्युबिफेक्स तर नकोच, घाणीत वाढलेले असतात आणि नवीन रोग घेऊन येतात. जबरदस्तीने तोंडात खाणं घालायचे व्हिडिओ बघितले असतील तर विसरून जा, एवढ्याशा जिवाला हातात धरणं हाच त्याला सगळ्यात मोठा धक्का असतो.

पांढऱ्या शीबद्दल तुम्ही जास्त घाबरलात असं पत्रावरून वाटलं. न खाणाऱ्या माशाची शी पांढरीच असते, आतड्यातला नुसता चिकट पदार्थ बाहेर येतो. त्यामुळे उपाशी माशाच्या पांढऱ्या शीवरून पोटातला रोग ठरवता येत नाही. खायला लागल्यावर दोन-तीन दिवसांनीही शी पांढरी, दोऱ्यासारखी, जेलीसारखी येत राहिली आणि कपाळाच्या वरचा भाग आत गेल्यासारखा दिसायला लागला तर मग मात्र आतड्यातले सूक्ष्म परजीवी असणार, स्पायरोन्यूक्लियस वगैरे, डिस्कसमध्ये ते फार वेळा असतात, आणि त्यावर मेट्रोनिडाझोल चालतं. मासा खात असेल तर खाण्यात मिसळून दिलेलं जास्त चांगलं, कारण औषध जिथे पाहिजे तिथे जातं, खात नसेल तरच पाण्यात.

आणि ते एक कल्ला हलवणारं पिल्लू. ही कल्ल्यातल्या जंतांची, डॅक्टिलोगायरसची, ओळखीची खूण आहे, एक कल्ला दाबून बंद आणि दुसऱ्याने श्वास, मध्येच अंग घासणं, झटका दिल्यासारखं पळणं. पण अमोनियाने कल्ला सुजला तरी हेच दिसतं. म्हणून दोन दिवस स्वच्छ पाण्यात बघायचं. अमोनिया आणि नायट्राइट शून्य, पाणी चांगलं, बाकीची चार उघडून फिरायला लागली आणि हे मात्र तसंच एका कल्ल्यावर, तर प्राझिक्वांटेल, म्हणजे जंतांचं औषध. ते माशांना बऱ्यापैकी सौम्य आहे पण या जंतांच्या अंड्यांवर चालत नाही, त्यामुळे एक डोस देऊन बरं वाटलं म्हणून थांबलात तर आठ-दहा दिवसांनी सगळं परत. पाच-सात दिवसांनी पाणी बदलून दुसरा डोस द्यायचाच, मासा बरा दिसत असला तरी.

दोन औषधं एकाच वेळी नाही. हे मी अगदी हात जोडून सांगते कारण तुमच्याकडे नेमकं हेच झालंय, मीठ, मग निळं, मग अँटिबायोटिक, आणि आता कुठल्याने काय झालं हे कोणालाच सांगता येणार नाही. एक औषध, त्याचा कोर्स पूर्ण, मग मोठं पाणी बदल आणि कार्बन, एक-दोन दिवस नुसतं स्वच्छ पाणी, आणि मग गरज असेल तरच दुसरं. औषध चालू असताना कार्बन काढून ठेवायचा हे विसरू नका, नाहीतर औषध त्यातच जातं. अँटिबायोटिकचं तर अजून सांगते, ते कॉलम्नॅरिससारखी जिवाणूंची खात्रीची लक्षणं असतील तेव्हाच, माशांचं कळणारा पशुवैद्य मिळत असेल तर त्याला फोटो-व्हिडिओ दाखवून, आणि सुरू केलं तर पूर्ण कोर्स. अर्धवट दिलेल्या अँटिबायोटिकने चिवट जिवाणू तेवढे उरतात. तुम्ही काल टाकलेलं आज काढायला सांगतेय ते एवढ्यासाठी की कुठल्या रोगावर टाकलं तेच ठरलेलं नव्हतं आणि पाणी त्याच्यामुळे अजून बिघडत होतं. चट्टे, कुजलेले पर, लाल झालेली कातडी असं काही खरंच दिसत असेल तर मात्र दोन दिवस थांबू नका.

डोसचं गणित पण नीट करा. ४५ बाय ३० बाय ३० म्हणजे काठोकाठ ४०.५ लिटर, पण तुम्ही काठोकाठ भरत नाही ना, पाणी २५ सेंमीपर्यंत असेल तर ते ३३.७५ लिटर होतं. ४०.५ लिटरच्या हिशेबाने टाकलेलं औषध म्हणजे २० टक्के जास्त डोस, आणि एवढ्याशा पिल्लांसाठी तो फरक लहान नाही. पाण्याची उंची मोजा, तीनही मापं गुणा, हजाराने भागा.

खरं सांगायचं तर पुढचे पाच-सहा आठवडे पाच डिस्कसना हा टँक लहानच पडणार आहे. मोठा टँक नसेल तर खाण्याच्या वस्तू ठेवायला चालतो तसा, कधी साबण न लागलेला ७०-८० लिटरचा प्लास्टिकचा टब पण चालतो, दिसायला काही खास नाही पण दुप्पट पाणी म्हणजे अमोनिया निम्म्या वेगाने चढतो आणि तुम्हाला रात्री झोप लागते. नाहीच जमलं तर याच टँकमध्ये रोज ३० ते ५० टक्के पाणी बदलायची तयारी ठेवा, आणि आकडे सलग आठवडाभर शून्य दिसेपर्यंत टेस्ट रोज.

पाचांना वेगवेगळं करू नका. डिस्कस एकटं पडलं की खचतं. पण बरं वाटायला लागलं की त्यांच्यात मोठं-धाकटं सुरू होतं आणि सगळ्यात अशक्त पिल्लाला बाकीचे टोचायला लागतात, खाण्याजवळ येऊ देत नाहीत, तसं दिसलं तर मध्ये जाळीचा पडदा लावा म्हणजे ते एकमेकांना दिसतील पण टोचणार नाहीत, आणि त्या बाजूला खाणं वेगळं टाका.

जाळी, सायफन, बादली, हे सगळं या टँकचं वेगळं. कामाचा क्रम आधी मेन टँक मग हा, उलट कधीच नाही, आणि मध्ये हात धुवा, कोपरापर्यंत. दोन टँक शेजारी शेजारी असतील तर बुडबुड्यांचे थेंब उडून सुद्धा रोग जातो, म्हणून जरा लांब ठेवा नाहीतर झाकण लावा.

मेन टँकमध्ये कधी सोडायचं हे तुम्ही विचारलं नाहीत पण पंधरा दिवसांनी विचाराल. चार आठवडे कमीत कमी, सहा असतील तर जास्त चांगलं, आणि हे दिवस पार्सल आल्यापासून मोजायचे नाहीत, शेवटचं औषध संपलं आणि शेवटचं लक्षण गेलं त्या दिवसापासून मोजायचे. मध्ये परत कोणी काळं पडलं तर मोजणी परत पहिल्यापासून. शेवटचे दोन आठवडे मेन टँकमधला एखाद-दुसरा ठणठणीत मासा इकडे आणून ठेवायची डिस्कस पाळणाऱ्यांची पद्धत आहे आणि मला ती फार पटते. बाहेरून सगळी निरोगी दिसली तरी प्रत्येक टँकमधले मासे आपापल्या जंतूंना सरावलेले असतात, आणि दोन गट एकत्र आले की कधी कधी दोन्हीकडची आजारी पडतात. तो प्रकार व्हायचाच असेल तर इथे होऊ दे, सगळ्या मेन टँकमध्ये नको. अर्थात २९-३० अंश झेपणारा मासा निवडा, कार्डिनल टेट्रा वगैरे २८-२९ पर्यंत चालतात, तोवर तुम्हाला पण तापमान थोडं खाली आणता येईल.

पुढच्या वेळच्या पार्सलसाठी एकच, लांबच्या प्रवासाच्या पिशवीत माशांच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड साठतो, पीएच खाली जातो, त्यामुळे आत साठलेला अमोनिया सौम्य रूपात असतो. पिशवी उघडली की तो वायू निघून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. म्हणून पिशवी बंदच ठेवून १५-२० मिनिटं टँकमध्ये तरंगवायची, तापमान जुळलं की उघडायची आणि मासे लगेच जाळीने उचलून टँकमध्ये, पिशवीचं पाणी आत नाही. पिशवी उघडून तासभर थेंब थेंब पाणी सोडत बसणं जवळून आणलेल्या माशांना चालतं, दिवस-दीड दिवस पिशवीत बसलेल्यांना नाही. कदाचित तुमच्या पिल्लांचे कल्ले तिथेच पहिल्यांदा भाजले असतील, पण आता त्याने काही बदलत नाही.

एक अवघड गोष्ट पण बोलते, कारण ती वेळ आलीच तर तुम्ही एकट्या असाल. सगळं करूनही एखादं पिल्लू दोन दिवस आडवं पडून असेल, बोट जवळ नेलं तरी हलत नसेल, नुसते कल्ले कसेबसे चालत असतील तर त्याला ओढत ठेवू नका. लवंगेचं तेल थोड्या कोमट पाण्यात बाटलीत जोरात हलवून, वेगळ्या भांड्यात, टँकच्याच पाण्यात हळूहळू मिसळायचं, मासा आधी गुंगीत जातो, मग तेल वाढवायचं, आणि कल्ले थांबल्यावरही बराच वेळ तसंच ठेवायचं. बर्फाच्या पाण्यात टाकणं किंवा जिवंत फ्लश करणं हे दोन्ही क्रूर आहे, कोणीही सांगितलं तरी करू नका. पण ही वेळ आज आलेली नाही, तुमची पाचही उभी आहेत, आणि तुमच्या त्या एक कल्ल्याच्या पिल्लाबद्दल मला तर आशाच वाटते, कारण पिल्लांचे कल्ले स्वच्छ पाण्यात बऱ्यापैकी भरून येतात, आठवडा-दोन आठवडे लागतात पण येतात.

परवा मला परत लिहा, आणि या वेळी आकडे घालून, टँक आणि नळ दोन्हीचा पीएच, अमोनिया, नायट्राइट, पाण्याची खरी उंची, मीठ एकूण किती ग्रॅम टाकलं ते, अँटिबायोटिकचं बाटलीवरचं नाव, आणि कोण खायला लागलं कोण नाही. जमलं तर लांबून काढलेला एक मिनिटाचा व्हिडिओ पण. आत्ता मात्र पत्र बाजूला ठेवा आणि आधी दोन्हीकडचा पीएच बघा.